‘संशोधनानं सिद्ध झालंय’. पण तपासलं कुणी?

आजचा विषय विज्ञानाचा आहे, पण सुरुवात गोठ्यातूनच करते.

मे २०२१ आठवतोय ना? कोरोनाची दुसरी लाट. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात रुग्णांचा आकडा खाली यायचं नाव घेत नव्हता. १० मे रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की राज्यातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देणार. आजार असो वा नसो, रोज बारा मिलिग्रॅम, पाच दिवस. आजरा-चंदगडकडची कितीतरी पोरं गोव्यात कामाला. बातमी घाट चढून आपल्याकडं यायला वेळ लागला नाही. आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ती आली आणि खाली एक ओळ होती: ‘संशोधनानं सिद्ध झालंय.’

गटातली एक जण लगेच म्हणाली, “अगं बाई, हे तर आमच्या म्हशीच्या गोचिडाचं औषध!” तिचं बरोबर होतं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन जनावरांना गोचीड आणि जंतांवर देतात. दुसऱ्या दिवशी दुसरीचा फोन आला. “ताई, गोठ्यात बाटली शिल्लक हाय. मालकांना दोन दिवस ताप हाय. चालंल का?”

माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, अजिबात नाही, आत्ताच्या आत्ता आरोग्य केंद्रात घेऊन जा. ती घेऊन गेली, तिचे मालक बरे झाले. पण फोन ठेवताना तिनं विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. “संशोधन झालंय म्हणत्यात. मग संशोधन खोटं असतंय व्हय?”

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आयव्हरमेक्टिन हे काही वाईट औषध नाही. त्याच्या शोधासाठी २०१५ साली दोन शास्त्रज्ञांना नोबेल पुरस्कार मिळाला. हत्तीपायाच्या मोहिमेत २०१९ पासून नागपूर जिल्ह्यात लोकांना दिलेल्या तीन औषधांपैकी ते एक होतं. जंतांवर, परजीवींवर ते काम करतं. प्रश्न एवढाच होता, की कोरोनावर करतं का? आणि करतं असं म्हणणाऱ्यांच्या हातात पुरावा कसला होता?

प्रीप्रिंट म्हणजे काय?

एखाद्या शास्त्रज्ञानं अभ्यास केला की तो लेख लिहून एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडं पाठवतो. संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतात. ते चुका काढतात, प्रश्न विचारतात, दुरुस्त्या मागतात. यात महिने जातात, कधी वर्षही. मगच लेख छापला जातो.

ही तपासणी व्हायच्या आधीच लेख इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला, तर त्याला प्रीप्रिंट म्हणतात. भौतिकशास्त्रात ही पद्धत १९९१ पासून रुळली. वैद्यकीय लेखांसाठी ‘मेडआर्काइव्ह’ नावाचं ठिकाण जून २०१९ मध्ये सुरू झालं आणि सहा-सात महिन्यांत कोरोना आला. मग प्रीप्रिंटांचा नुसता पूर लोटला. माणसं मरत असताना तपासणीसाठी वर्षभर थांबणार कोण?

म्हणून प्रीप्रिंट म्हणजे खोटं, असं समजू नका. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीचा लेख असाच प्रीप्रिंट म्हणून आला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध. सहा हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं तेव्हा दिसलं, की व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांमधले मृत्यू त्यानं साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. पुढं तपासणीत तो निष्कर्ष टिकला. तो लेख थांबवून ठेवला असता, तर तेवढे आठवडे डॉक्टरांना त्याचा तपशील मिळाला नसता.

आता दुसरा प्रीप्रिंट बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तच्या बेन्हा विद्यापीठातल्या संशोधकांचा लेख ‘रिसर्च स्क्वेअर’ या ठिकाणी आला. सहाशे लोकांवरचा अभ्यास. त्यात म्हटलं होतं, की आयव्हरमेक्टिननं कोरोनाचे मृत्यू नव्वद टक्क्यांच्या घरात कमी होतात. हा लेख पुढं दुसऱ्या आढाव्यांमध्ये धरला गेला. आढावा म्हणजे पाच-दहा अभ्यास एकत्र करून काढलेली गोळाबेरीज. त्या गोळाबेरजेत या लेखाचं वजन बरंच होतं. गोव्याचा निर्णय याच लेखावरून झाला असं मी म्हणत नाही. मंत्र्यांनी परदेशातल्या तज्ज्ञांच्या अभ्यासांचा हवाला दिला होता. पण त्या दिवसांत आयव्हरमेक्टिनच्या बाजूनं जी हवा होती, ती तयार करण्यात या लेखाचा वाटा होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं ३१ मार्च २०२१ लाच सांगितलं होतं, की पुरावा पक्का नाही, हे औषध फक्त चाचणीपुरतंच वापरा. तरी हवा वाहत राहिली.

एका विद्यार्थ्यानं काय पाहिलं?

लंडनमध्ये जॅक लॉरेन्स नावाचा वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याला हा लेख अभ्यासायला मिळाला. वाचताना त्याला काही वाक्यं विचित्र वाटली. पाहिलं तर ती दुसरीकडून उचललेली, फक्त शब्द बदललेले. बदलताना गंमत अशी झाली, की आजाराच्या ठरलेल्या शास्त्रीय नावातले शब्दही बदलले गेले. समजा आपल्या कुणी ‘मधुमेह’ शब्द बदलायचा म्हणून ‘गोड ढग’ लिहिलं, तसं.

मग त्यानं मूळ आकड्यांची फाईल उघडायचं ठरवलं. फाईलला पासवर्ड होता. त्यानं अंदाजानं १२३४ टाकलं आणि फाईल उघडली. आत काय? लेखात लिहिलं होतं, सगळे रुग्ण अठरा ते ऐंशी वयाचे. फाईलमध्ये अठराच्या आतलेही होते. मेलेल्या काही रुग्णांच्या मृत्यूची तारीख अभ्यास सुरू होण्याच्या आधीची होती. पुढं आकड्यांच्या एका तज्ज्ञानं दाखवलं, की डझनावारी रुग्णांच्या नोंदी एकमेकींच्या नकला दिसतात.

१४ जुलै २०२१ रोजी तो लेख मागे घेतला गेला. गोव्याच्या घोषणेनंतर दोन महिन्यांनी. तो लेख वगळून गोळाबेरीज पुन्हा केली, तेव्हा औषधाचा फायदा बराच फिका पडला. सप्टेंबरमध्ये आपल्या देशाच्या कोरोना उपचारांच्या यादीतूनही हे औषध गेलं. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या एका नीट आखलेल्या चाचणीचा निकाल छापून आला. १३५८ रुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण औषधानं काही कमी झालं नाही.

आता मला सांगा, वय नियमात बसतं का, तारखा पुढं-मागं आहेत का, एकच नोंद दोनदा आहे का, हे बघायला डॉक्टर लागतो का? आपल्या गटाची सचिवही हे बघेल. आणि संगणक तर चुटकीसरशी बघेल. मग आधी का नाही पाहिलं?

लेखांसाठीचं फॅट मशीन

सकाळी दूध संस्थेत दूध घालायला गेल्यावर काय होतं? कुणी चव घेऊन बघत बसत नाही. नमुना मशीनला लावतात, मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ पडद्यावर. रांग मोठी असते, दूध नासणारं असतं. तिथं मशीनशिवाय गत्यंतर नाही.

कोरोनाच्या काळात शास्त्रीय लेखांची रांग तशीच मोठी झाली. तेव्हा काही देशांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन संगणकाचे असे प्रोग्रॅम एका ठिकाणी जोडले, जे प्रीप्रिंट आपोआप वाचतील आणि त्यात काय आहे, काय नाही याची यादी देतील. त्यांनी मेडआर्काइव्ह आणि बायोआर्काइव्ह इथले कोरोनावरचे साडेसहा हजारांहून जास्त लेख असे तपासले आणि त्याचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात दिला. एवढे लेख माणसांनी वाचायचे म्हटले असते तर वर्षं गेली असती.

हे प्रोग्रॅम बघतात तरी काय?

‘सायस्कोर’ नावाचा एक आहे. तो बघतो, की कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं का? की डॉक्टरनं धडधाकट माणसं निवडून त्यांनाच औषध दिलं? लोकांची परवानगी घेतली का? आणि आपल्या कामाची गोष्ट: अभ्यासात पुरुष किती आणि बायका किती, हे लिहिलंय का? कितीतरी वर्षं औषधं मुख्यतः पुरुषांवर तपासली गेली आणि दिली मात्र सगळ्यांना. बाईचं अंग वेगळं, वजन वेगळं, पाळी, गरोदरपण वेगळं. ‘यात बायका होत्या का?’ हा प्रश्न मशीन दर वेळी न कंटाळता विचारतं. माणसं विसरतात.

दुसरा प्रोग्रॅम चाचणीचा नोंदणी क्रमांक शोधतो. तिसरा बघतो, मूळ आकडे सगळ्यांना बघायला ठेवलेत का, की कुलूपबंद आहेत. चौथा बघतो, आपल्या अभ्यासाच्या उणिवा संशोधकांनी स्वतः कबूल केल्यात का. तपासलेल्या लेखांपैकी निम्म्याहून कमी लेखांत अशी कबुली होती.

‘बारझूका’ नावाचा एक प्रोग्रॅम आकडे दाखवायची चित्रं बघतो. त्याला नुसत्या सरासरीचे उभे खांब खटकतात. का ते सांगते. पाच बायका दूध घालतात. चौघींचं पाच-पाच लिटर, पाचवीचं तीस. सरासरी निघाली दहा लिटर. आता दहा लिटर दूध घालणारी एक तरी बाई आहे का त्यात? नाही. सरासरीच्या खांबाआड चौघींची अडचण लपली. संशोधनातही असंच होतं. एखाद-दुसऱ्या रुग्णाला खूप गुण येतो आणि सरासरी सगळ्यांना आल्यासारखी दिसते.

आणि ते ‘गोड ढग’ आठवतात का? फ्रान्समधल्या ग्वियोम कबानाक यांनी अशा बिघडवलेल्या शब्दांना शोधणारा प्रोग्रॅमच केलाय. चोरलेल्या मजकुरात शब्द बदलताना ‘स्तनाचा कर्करोग’ याचं ‘छातीचं संकट’ व्हावं, अशा थाटाचे शब्द त्यांना छापील लेखांत सापडले. जी शंका लंडनच्या त्या पोराला वाचताना आली, ती आता मशीन हजारो लेखांत एकदम शोधतं.

मशीनला काय दिसत नाही?

इथं मात्र थांबून ऐका.

फॅट मशीन फॅट सांगतं. म्हशीला काल कोणतं इंजेक्शन दिलं होतं, ते सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. आणि मशीनचंच माप बरोबर आहे का, हेही मधूनमधून तपासावं लागतं, नाहीतर दूध घालणारीचं नुकसान. हे तुम्हाला मी सांगायला नको.

लेख तपासणाऱ्या प्रोग्रॅमचंही तसंच. ज्यांनी हे प्रोग्रॅम जोडले, त्यांनीच त्यांच्या मर्यादाही लिहिल्यात. मशीन चुकतं. असलेली गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते. जिथं रुग्णच नाहीत अशा अभ्यासातही ते रुग्णांच्या परवानगीचा प्रश्न विचारत बसतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, लिहिलंय की नाही एवढंच मशीनला कळतं. लिहिलेलं खरं की खोटं, हे कळत नाही. आपल्या गटाची प्रोसिडिंगची वही घ्या. तपासणीस येतो, पानं उलटतो. दर आठवड्याची तारीख आहे, ठराव आहे, दहा सह्या आहेत. सगळं पक्कं. पण सभा खरंच झाली होती, की अध्यक्षीणबाईंनी घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्या होत्या, हे सह्यांवरून कळतं का? ते कळायला एखाद्या बाईशी बोलावंच लागतं. ‘आम्ही चिठ्ठ्या टाकून गट पाडले’ असं एक वाक्य लेखात घातलं, की मशीन खूण करून मोकळं. चिठ्ठ्या टाकल्या का, ते देव जाणे.

शिवाय मशीन काय बघतं हे एकदा माहीत झालं, की लबाड माणूस तेवढंच नीट लिहायला शिकतो. म्हणून मशीनच्या यादीवर शेवटी माणसाची नजर हवीच. त्या इजिप्तच्या लेखातल्या खोडी मशीनला सापडण्यासारख्या होत्या, पण मशीनपुढं फाईल ठेवणारं कुणी नव्हतं. एका विद्यार्थ्याला शंका आली आणि ती त्यानं सोडली नाही, म्हणून ते उघड झालं.

तुम्ही म्हणाल, मग छापून आलेलं तेवढंच खरं मानावं. तिथंही घोटाळा आहे. २०१८ मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात डॉ. भूषण पटवर्धन होते, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतली नियतकालिकं तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेली आणि नामांकित सूचींमध्ये नसलेली जी नियतकालिकं होती, त्यांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची असू शकतात, असं निघालं. म्हणजे पैसे भरा आणि छापून घ्या, असाही बाजार आहे. छापलं म्हणजे तपासलं, असं नाही.

आपण काय विचारायचं?

आपल्याकडं ना ते प्रोग्रॅम, ना इंग्रजी लेख वाचायला वेळ. पण मशीन जे प्रश्न विचारतं, ते आपल्यालाही विचारता येतात. ग्रुपवर ‘संशोधनानं सिद्ध’ असं काही आलं, मग ते औषध असो, वजन कमी करायची पावडर असो, की पिकावरची फवारणी, तर हे पाच प्रश्न विचारा.

पहिला, कुठलं संशोधन? कुणी केलं, कुठं केलं, कधी केलं? नाव-गावच नसेल तर पुढं पाठवू नका.

दुसरा, कुणावर केलं? उंदरांवर, वीस माणसांवर की हजारांवर? त्यात बायका होत्या का?

तिसरा, तुलना कुणाशी केली? औषध न घेतलेल्यांचं काय झालं? दहा जण औषध घेऊन बरे झाले असं सांगतात. पण कोरोनाचे बहुतेक रुग्ण औषधाशिवायही बरे होत होते.

चौथा, चाचणी नोंदलेली आहे का? भारतात माणसांवर औषधाची चाचणी करायची तर ती आधी एका राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावी लागते. तिचं नाव सीटीआरआय. आयसीएमआर ती चालवतं. २००७ मध्ये ती सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. इंटरनेटवर ती कुणालाही फुकट बघता येते. तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला औषधाचं नाव टाकून शोधायला सांगा. आधी नोंदवायचं कारण सोपं आहे. शर्यत संपल्यावर ‘मी याच बैलावर पैज लावली होती’ असं म्हणायला वाव राहू नये.

पाचवा, यात पैसा कुणाचा? सांगणाराच विकणारा आहे का?

पाचही उत्तरं मिळाली तरी औषध स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही. आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. आणि जनावराचं औषध माणसाला कधीच नाही. त्याची मात्रा चारशे किलोच्या म्हशीसाठी असते.

त्या दिवशी फोन करणाऱ्या मैत्रिणीला मी गेल्या महिन्यात हे सगळं सांगितलं. म्हटलं, संशोधन खोटं नसतं, पण तपासायचं राहिलेलं असू शकतं. काही वेळा तपासूनही चूक निसटते. ती हसली आणि म्हणाली, “म्हणजे आमच्या दुधासारखंच की. मशीनला लावल्याबिगर दर न्हाई, आणि मशीनवरबी डोळा ठेवायचा.”

मी तिला तेव्हाच सांगितलं, हे मी रेडिओवर सांगणार. पुढच्या गटाच्या बैठकीत वेळ मिळाला तर हे पाच प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. ग्रुपवरचा एखादा मेसेज घेऊन सगळ्या मिळून ते विचारून बघा. कोणत्या मेसेजनं कितव्या प्रश्नाला मान टाकली, ते आम्हाला नक्की कळवा.